पाणी न लागणारं औषध

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या गावच्या शाळेची पाटी खरडणं चालू होतं. लातूर जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती, तरी शाळेच्या पाटीवर अजून ‘जि. उस्मानाबाद’च होतं. शिडीवर चढलेला पेंटर पत्र्याच्या तुकड्यानं ती अक्षरं खरवडत होता आणि निळ्या रंगाचे पापुद्रे खाली धुळीत पडत होते. एस.टी.ला वेळ होता म्हणून बाबा तिथंच उभे राहून बघत होते. म्हणाले, “आता जिल्हा आपला झालाय. आता दवाखाना, हापिस, कालेज, समदं जवळ येईल बग.”

आणि मी लांब चालले होते. नांदेडला, नर्सिंगच्या शिक्षणाला.

ते साल दुष्काळाचं होतं. आई सकाळीच रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली होती. खाडा केला असता तर हजेरी गेली असती. त्यामुळं मला सोडायला बाबा आणि अक्का आली होती. कमल अक्का माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. तिला गावातच दिली होती, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. तिनं माझ्या पिशवीत धपाटी कोंबली, माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, “रडू नगंस. तू गेलीस म्हंजे आपल्यातलं कुणीतरी गेलं.” त्या बोलण्याचा अर्थ लावत मी शिरूर अनंतपाळपर्यंत आले. पुढं झोप लागली.

नांदेड, मग मुंबई, मग लग्न, मग सिंगापूर. प्रत्येक वेळी वाटायचं, दोन-तीन वर्षांत परत जाऊ. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे सांगायला नको. आपण परतीचं वर्ष पुढं ढकलत राहतो आणि एक दिवस ढकलायचं विसरून जातो. सिंगापूरच्या माझ्या दिवसात आता शिफ्ट होती, पुढच्या नर्सला हँडओव्हर देणं होतं, एम.आर.टी.चं म्हणजे मेट्रोचं कार्ड होतं. घरी मराठी, वॉर्डात इंग्रजी, बाजारात खुणा. आई गेली, बाबा गेले. गाव म्हणजे दर रविवारी अक्काचा फोन, एवढंच उरलं.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, “काखंत दुखायलंय गं. लई दिवसांचं हाय.”

“छातीत गाठ लागते का हाताला?”

तिनं आवाज खाली केला. मग, “हाय एक. सुपारीएवढी.”

मी कामावर रोज ज्या बायांची ड्रेसिंग करते, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींची गोष्ट याच वाक्यापासून सुरू झालेली असते. मी दाजींना फोन केला. वामन दाजी शाळेत शिपाई होते, साधा माणूस, अक्कावर जीव टाकणारा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला लातूरला नेलं. तपासण्या झाल्या, स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींपर्यंत तो पोचलेला होता, पण पुढं कुठं गेलेला नव्हता. डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायची औषधं ठरवून दिली, म्हणजे केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी. मी कागद मागवून बघितले. इलाज बरोबर होता. ती इथं सिंगापूरला असती तरी हाच झाला असता. मी निश्चिंत झाले.

पहिल्या सलाईननंतर थोड्याच दिवसांनी अक्काचा फोन आला.

“शाले, तू चिन्यांच्यातच राहतीस न्हवं?”

“हो, का गं?”

“त्यांच्या जंगलात एक अळंबी असती म्हनं. तिची पावडर घेतली की गाठ विरघळती. आपल्या मास्तरकडं डबा मिळतो. पर मास्तर म्हनले, तुमची भईन तिकडंच हाय तर असली माल तिथूनच मागवा.”

मास्तर म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. आता निवृत्त होऊन असल्या हर्बल पावडरी विकत होते. मी तिला म्हणाले, चौकशी करते, पण सलाईन चुकवू नकोस. ती म्हणाली, “हाव.”

माझ्याबरोबर वॉर्डात मेई नावाची नर्स आहे. तिच्या आईला हाच आजार होऊन गेला होता. मी विषय काढल्यावर ती हसली नाही, की तिनं नाकही मुरडलं नाही. ती म्हणाली, “आमच्या घरी सहा महिने मातीच्या भांड्यात काढा उकळत होता. सगळ्या मजल्याला वास. चल, तुला आमच्या वैद्यबाईंकडं नेते.”

ते दुकान बाहेरून किराणा दुकानासारखंच होतं. आत भिंतभर लाकडी खण, काचेच्या बरण्यांत मुळ्या, साली, वाळलेली फुलं, लाल सुरकुतलेली बोरांसारखी फळं. मला शिरूरच्या बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याची आठवण झाली, फक्त इथं सगळं तोलून, चिठ्ठी लावून ठेवलेलं होतं. मागच्या खोलीत वैद्यबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, भिंतीवर सरकारी परवाना. मेई दुभाषी झाली.

मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दवाखान्यातलं औषध चालू आहे ना?”

“आहे.”

“कोणतं?”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “मी तुमच्या बहिणीला पाहिलेलं नाही. नाडी बघितल्याशिवाय, जीभ बघितल्याशिवाय मी काढा देत नाही. आणि गाठ विरघळवणारं माझ्याकडं काही नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायका थकव्यासाठी येतात, मळमळीसाठी, झोप लागत नाही म्हणून. त्यात थोडंफार करता येतं. तेसुद्धा त्यांच्या दवाखान्याला कळवून.”

मी अळंबीचं विचारलं. त्यांनी एका बरणीतून तपकिरी, लाकडासारखा कडक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. “हीच ती. आम्ही वापरतो. पण तुमच्या गावातल्या डब्यात हीच आहे की आणखी काय मिसळलंय, हे मला कसं कळणार? सलाईनच्या औषधानं आधीच लिव्हरवर भार असतो. त्यात हे कुठं जाऊन काय करील, सांगता येत नाही.” मग दुसरी एक मुळी दाखवली, बाळंतिणींना देतात ती. “ही आमच्याकडं घरोघर असते. पण स्तनाच्या काही गाठींत आम्ही हिला हात लावत नाही. झाडापाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी, असं आमच्यातसुद्धा अडाणी माणूसच म्हणतो.”

निघताना त्यांनी त्याच लाल, बोरांसारख्या फळांची आणि सुंठीची एक पुडी बांधून दिली. “हे औषध नाही, खाणं आहे. उकळून प्यायचं. तरी तिच्या डॉक्टरांना विचारून.”

अक्काला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” पुढच्या रविवारी मी विचारलं, सलाईन झाली का? “झाली.” त्याच्या पुढची? “झाली.” आवाजसुद्धा पहिल्यापेक्षा खणखणीत वाटायचा. मी दाजींना ‘अक्का कशी आहे’ एवढंच विचारायचे, तर ते म्हणायचे, “बरी हाय, खाती-पिती.” ते खोटं बोलत नव्हते. ती खरंच खात-पीत होती.

मग एक दिवस टीव्हीवर आमचं लातूर आलं. परदेशी चॅनलवर. रेल्वेनं पाणी आणलं होतं, टाक्यांभोवती पोलीस होते, घागरींच्या रांगा होत्या. वॉर्डातल्या पँट्रीत मेईनं विचारलं, “हे तुझं गाव का?” मी म्हणाले, “जिल्हा.” आणि त्याच संध्याकाळी माझ्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन आला. अक्काची धाकटी, कॉलेजात शिकणारी.

“मावशी, आईला सांगू नको मी सांगितलं म्हणून. दुसऱ्या सलाईननंतर आई लातूरला गेलीच न्हाई. मास्तरांची पावडर घेऊन राहिलीय.”

मी रजा टाकली, वैद्यबाईंची पुडी बॅगेत घातली आणि निघाले. हैदराबादला उतरून गाडीनं उदगीरमार्गे आले. आमच्या शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. मी गेले त्या साली दुष्काळ होता, पण विहिरींच्या तळाशी घागर बुडेल एवढं तरी पाणी असायचं. आता बोअर हजार फुटांवरून गरम हवा सोडत होते. गावाच्या तोंडाशी प्लास्टिकच्या ड्रमांची रांग होती, प्रत्येकावर रंगानं नाव घातलेलं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी तोही नाही.

अक्का दारात बसली होती. डोक्यावर केस पुन्हा उगवत होते, बारीक, लहान पोरासारखे. मला बघून तिला आनंद झाला, आणि लगेच कळलं की मला कळलंय. मी काही बोलायच्या आत मास्तर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं मी आल्याचं. मी उठून उभी राहिले, सवयीनं. त्यांनीच मला पहिलं इंग्रजी वाक्य शिकवलं होतं.

“शालिनी, तू रागावली असशील,” ते म्हणाले. “पर ऐक. चीनमधी हजारो वर्षांपासून ही विद्या हाय. शिकल्यालं समदं इंग्रजांचंच असतंय का? मी माझ्या मंडळींनाबी हेच देतो, शुगरसाठी. मी कुणाला फशिवत न्हाई.”

“सर, तुम्ही फसवताय असं मी म्हणत नाही. पण मी त्याच लोकांत राहते. तिथल्या वैद्यबाईंकडं जाऊन आले. त्यासुद्धा दवाखान्याचं औषध सोडू देत नाहीत.”

ते अक्काकडं बघून म्हणाले, “मला वाटलं, गुण येतोय. चेहरा बघ की. बरी दिसती.”

“सलाईन थांबली म्हणून बरी दिसते, सर. तो गुण पावडरीचा नाही.”

मास्तरांनी आणलेला नवा डबा मांडीवरच राहिला. जाताना तो घेऊन गेले.

ते गेल्यावर मी अक्काजवळ बसले. मला वाटलं होतं, ती मास्तरांच्या बोलण्याला भुलली. देवऋषी-मांत्रिक आमच्या घरात बाबांनी कधी चालू दिले नाहीत. बुद्धविहारातली वंदना सोडली तर अक्का कशाला हात जोडायची नाही. मग ही या पावडरीला कशी बळी पडली, हेच मला समजत नव्हतं. मी विचारलं, “अक्का, तुला खरंच वाटलं, ह्यानं गाठ जाईल?”

“मला कुठं काय वाटतंय,” ती म्हणाली. “तू ऐक. सलाईन घेऊन आले की चार दिवस उलट्या, जुलाब. परत्येक येळंला तांब्या लागतो. लुगडं भरतं, अंथरूण भरतं. डाक्टर म्हनतो, पाणी लई प्या, हात धुवा, सोच्छ राहा. कशानं? आठवड्याचं पाणी मी चार दिवसांत संपवायले. प्रज्ञा आंगुळ सोडून माझं अंथरूण धुवायली. तुझे दाजी शेजाऱ्याकडं घागर मागायले. कुणी देईना झालं, अन् देणार तरी कुठून?” ती माझ्याकडं वळली. “ह्या पावडरीला पाणी लागत न्हाई, शाले. चमचाभर मधात घेतली की झालं.”

माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी त्या एका वाक्यापाशी येऊन थांबली. औषधांच्या नावांची, डोसांची, तपासण्यांची मला फिकर होती. पाण्याचं मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि लातूरच्या डॉक्टरांनीही नाही. तिनं हिशोब अगदी बरोबर केला होता. त्यात फक्त तिचा जीव धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला नांदेडला नेलं. तिथंही टंचाई होती, पण नळ दिवसाआड का होईना यायचा. मी ज्या भागात शिकायला राहिले होते, त्याच भागात तळमजल्याची एक खोली भाड्यानं घेतली. मोरी आत, संडास आत, वर टाकी. अक्कानं पहिल्या दिवशी नळ सोडला आणि धार बघत उभी राहिली. मग घाईनं बंद केला, जणू कुणी ओरडेल.

नांदेडच्या डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. मी रिपोर्ट हातात घेतले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, अक्काला नाही. तेवढ्यावरून मला कळलं. लिव्हरमध्ये पसरलं होतं. रक्तातले लिव्हरचे आकडेही वाढलेले होते; त्यातलं किती आजारानं आणि किती पावडरीनं, हे सांगता येणार नाही, म्हणाले. पावडर बंद. सलाईन पुन्हा चालू करू, पण आता बरं करण्यासाठी नाही, वेळ मिळवण्यासाठी.

मी बिनपगारी रजा वाढवली. अक्काला मी काय ते सांगितलं. ती म्हणाली, “मंजी आता पाणी हाय, पर येळ न्हाई.” आणि उठून भांडी घासायला लागली. घासू दिली मी. इतक्या महिन्यांत तिनं भांडी राखेनं कोरडी पुसली होती.

त्या खोलीत अक्का, प्रज्ञा आणि मी राहिलो. दाजी रजा काढून येऊन-जाऊन असायचे. सलाईननंतरचे दिवस वाईट जायचे. पण चादरी रोज धुतल्या जायच्या, दोरीवर रोज वाळायच्या. मी डॉक्टरांना त्या चिनी पुडीचं विचारलं. त्यांनी फळं फोडून बघितली, हुंगली, म्हणाले, खारकेसारखंच आहे, थोडं थोडं द्या. मी ती सुंठीबरोबर उकळून दिली. अक्कानं बशीनं फुर्रकन पिऊन बघितलं.

“हेच का तुझं चिनी औषध?”

“औषध नाही म्हणाल्या त्या. खाणं.”

“हे तर बाळंतिणीच्या खारकंवाणी लागतंय,” ती म्हणाली आणि हसली. “एवढ्या लांबून हेच आणलंस व्हय?” पण त्यानं मळमळ थोडी बसायची. रोज संध्याकाळी मागून घ्यायची.

त्या वर्षी मग पाऊस झाला. इतका झाला की कुणाला खरं वाटेना. आधी लोकांनी पूजा घातल्या, पेढे वाटले, मग सोयाबीन शेतात कुजायला लागलं. गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढली. अक्काचं अंग पिवळं पडत चाललं होतं, पोट फुगलं होतं. ती म्हणायची, “मला घरी न्या. आता आपल्या बोअरला पाणी आलं आसंल.” डॉक्टर म्हणाले, न्या. आम्ही गाडी ठरवली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, प्रज्ञा तिचे पाय चोळत असताना, अक्का गेली. श्वास लांब होत गेला आणि पुढचा आलाच नाही. मी असे शेवट कितीतरी पाहिले आहेत. हा पाहताना माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडं गेला, वेळ नोंदवायला, आणि मी तो मागं घेतला.

आम्हाला तिला गावी न्यायचं होतं. गाडीवाल्यानं फोन लावून चौकशी केली. घरणी नदीवरचा पूल पाण्याखाली होता, दुसरा रस्ता खचला होता. दाजी प्रत्येकाला विचारत राहिले, “ट्रॅक्टरनं जमंल का? होडीनं?” शेवटी कुणीतरी त्यांना हाताला धरून बसवलं. नांदेडलाच अग्नी दिला. गावातलं कुणी येऊ शकलं नाही. नांदेडच्या वस्तीतल्या अनोळखी बायांनी येऊन तिला आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं, वंदना म्हटली. बादल्यामागून बादल्या पाणी घेतलं त्यांनी. तोंडात ओढणी कोंबून रडणाऱ्या प्रज्ञाला धरून दाजी उभे होते आणि त्या बादल्यांकडं बघत होते.

पाणी ओसरल्यावर आम्ही गावी गेलो. भेटायला गल्ली लोटली. मास्तरही आले, दाराबाहेरच थांबले, टोपी हातात घेऊन. मी त्यांना आत बोलावलं. ते आत येऊन भिंतीशी बसले. त्यांनी पुढं ते डबे विकले की नाही, मला माहीत नाही.

बाया रडून, बोलून, एकेक करत उठल्या. एक तेवढी मागं राहिली. रुक्मिण, अक्काची शेजारीण, माझ्याच वयाची. दाजी बाहेर गेल्याचं बघून तिनं दार लोटलं आणि माझा हात धरला. तो स्वतःच्या पदराखाली नेला आणि छातीवर ठेवला. माझ्या बोटांना ती लगेच लागली. कडक, न सरकणारी.

“किती दिवसांची?” मी विचारलं.

“कमलबाईला निघाली तवापासून. कुणाला दावली न्हाई.” मग माझ्या तोंडाकडं बघत, हळूच, “तुझ्याकडं ते चिनी औषध हाय म्हनं. खारकंचं.”

मी तिला सांगितलं, ते औषध नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर लातूरला चल. ती म्हणाली, नवऱ्याला विचारते. मी म्हणाले, मीच विचारते.

मी परतीचं तिकीट पुढं ढकललं. रुक्मिणीची गाठ साधी निघाली नाही. काखेत पोचली नव्हती, एवढंच. तिनं ऑपरेशन केलं, सलाईन पुरी केली. पुढं काय होईल, ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही.

गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्ही मला फोन करून विचारता, शालिनी, आता घरी कधी येणार? इथं सिंगापूरला माझ्यासारखेच आलेले लोक विचारतात, आता तिथं तुझं आहे कोण? माहेरची भिंत पडली आहे, अक्का नाही, दाजी प्रज्ञाकडं असतात. बाबा म्हणायचे तसा जिल्हा जवळ आला, पण आमच्या दारापर्यंत यायचा राहिला. तरीही आठवड्यातून एखादा फोन येतो. मुखेडहून, लोह्याहून, कुणाच्या तरी मामीचा, कुणाच्या जावेचा. नंबर ओळखीचा नसतो. पलीकडची बाई आधी पाऊसपाण्याचं बोलते, पोराबाळांचं बोलते, मग आवाज खाली करते. मी हातातलं काम ठेवते, खोलीचं दार लावून घेते आणि तिला म्हणते, “बोल बाई. मी गावचीच हाय.”